सात महिन्यांनी हात पुन्हा ठेल्याकडे जातो तेव्हा

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका ४१ वर्षांच्या शेतकरी भावांचा आहे. सोळा वर्षं ते रोज दहा-बारा सिगारेटी ओढत होते. महाशिवरात्रीला सोडली, तेव्हापासून एकही नाही. पोळ्यानंतर वडिलांना लकवा मारला, ते यवतमाळला भरती आहेत. इकडे सोयाबीन पाण्यात उभं आहे, सोसायटीचं कर्ज थकलंय. ते लिहितात : "परवा रात्री दवाखान्याच्या गेटसमोरच्या पानठेल्यावर उभा राहिलो, पैसे काढले आणि परत खिशात टाकले. सात महिने झाल्यावर हे का होते? एवढ्या टेन्शनमधे एखादी ओढली तर काय बिघडते? मित्र म्हणते, त्यापेक्षा खर्रा खा. आणि घरी गेलो की बायको आधी शर्टाचा वास घेते, तेव्हा तर वाटते, ओढूनच टाकावी."

भाऊ, त्या रात्री ठेल्यावर तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही. तुम्ही ते जरा शरमून लिहिलंय, म्हणून हे आधी सांगतो. मी गेली बावीस वर्षं आपल्याच जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो आणि दर बुधवारची दुपार बिडी, सिगारेट आणि खर्रा, म्हणजे तंबाखू घालून घोटलेली सुपारी, सोडणाऱ्यांसाठी राखून ठेवतो. सोडून दोन-तीन वर्षं झालेली माणसंसुद्धा मयतीच्या दिवशी, गारपिटीच्या दिवशी अशीच ठेल्यासमोर जाऊन उभी राहतात. तल्लफ येणं आपल्या हातात नसतं. ती आली की काय करायचं, हे मात्र आधी ठरवून ठेवता येतं.

सात महिन्यांनी का, ते आधी बघू. अंगाचा भाग कधीच संपला आहे. निकोटिन रक्तात गेल्यावर साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणून सिगारेट सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड, झोप नाही, कशात लक्ष लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिनला धरणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. त्याही साधारण तीन महिन्यांत न ओढणाऱ्याइतक्या होतात. म्हणजे आज तुमचं अंग निकोटिन मागत नाही.

मागते ती आठवण, आणि आठवण प्रसंगाला चिकटलेली असते. सकाळच्या चहानंतरची सिगारेट तुम्ही या सात महिन्यांत दोनशे वेळा टाळली. चहा झाला आणि सिगारेट आली नाही, असं होत होत ती गाठ सैल पडली. आता चहा पिताना तुम्हाला बहुधा तिची आठवणही येत नसेल. पण बापाच्या खाटेशेजारी काढलेली रात्र, पाण्यात सडणारं पीक, सोसायटीतून आलेला फोन, यातलं काहीच तुम्ही आजवर सिगारेटीशिवाय भोगलेलं नव्हतं. सोळा वर्षांत असं काही झालं की बोटांत सिगारेट होती. ती गाठ जशीच्या तशी राहिली, कारण ती सोडवायची वेळच आली नव्हती. आता आली.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो की शेतीचं एक वर्ष पूर्ण फिरू द्या. पेरणीच्या वेळचं टेन्शन वेगळं, पावसानं दडी मारली की वेगळं, दुबार पेरणीचं त्याहून वेगळं. कपाशीत बोंडअळी दिसते, दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनचा भाव पडतो, मार्चमधे कर्ज नवंजुनं करायला पैसे फिरवावे लागतात. प्रत्येक प्रसंग एकदा तरी बिनासिगारेटीचा पार पडला की पुढच्या वर्षी त्याचा जोर उतरलेला असतो. तुमच्यावर मात्र तीन प्रसंग एकदमच आले आहेत. तल्लफ एवढी जोरात का, याचं एवढंच कारण आहे. तुमचा निश्चय कच्चा आहे असा त्याचा अर्थ काढू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. सिगारेटीनं टेन्शन उतरतं, असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात निकोटिननं नाडी वाढते, रक्तदाब वाढतो. ओढणाऱ्याला जे बरं वाटतं, ते बरंचसं मागच्या सिगारेटीचा अंमल उतरल्यामुळे आलेली बेचैनी मिटल्याचं असतं. न ओढणाऱ्याला ती बेचैनी मुळात नसते. २०१४ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २६ अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. सिगारेट सोडलेल्या लोकांची चिंता, उदासी आणि ताण हे ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेले त्यात दिसले. त्याच्या आधीपासून मी हेच सांगत होतो, नंतर आकड्यांसह सांगू लागलो. लोक मान हलवायचे, घरी जायचे, आणि पहिल्या संकटाला पुन्हा पेटवायचे.

यात काय राहून जातं, ते मला एका सालगड्यानं शिकवलं. पन्नाशीचा माणूस, तीस वर्षांची बिडी. दम लागायला लागला म्हणून सोडली, चार महिन्यांनी परत सुरू केली. मी विचारलं, तल्लफ आली होती का? तो म्हणाला, "तल्लफ नाही जी. बिडी पेटोली का कोणी काही म्हणत नाही. बिनाबिडीचा धुऱ्यावर बसलो का मालक म्हणते, कायले बसला?"

मी ते वाक्य त्याच्या केसपेपरवर लिहून ठेवलं. त्याची बिडी ही त्याची बसायची परवानगी होती. आपल्याकडे नुसतं बसणं कोणाला खपत नाही, आणि कर्त्या पुरुषाला तर तो मोठाच दोष लागतो. शेतात, गोठ्यात, बाजार समितीच्या रांगेत, दवाखान्याच्या वॉर्डात, पाच मिनिटं बाजूला व्हायला काहीतरी कारण लागतं. "जरा येतो" म्हणून उठलं आणि हातात सिगारेट दिसली की कोणी विचारत नाही. त्या पाच मिनिटांत माणूस घोळक्यातून बाहेर पडतो, मोकळ्या हवेत येतो, लांब श्वास आत ओढतो, सावकाश सोडतो, शेजारी उभ्या असलेल्याशी दोन शब्द बोलतो. बरं वाटतं ते बरंचसं या सगळ्यानं. नाव सिगारेटीचं होतं.

तुम्ही महाशिवरात्रीला सिगारेट सोडली आणि तिच्यासोबत ही पाच मिनिटंही सोडून दिली. बहुतेक जण असंच करतात. सात महिने न थांबता, न बसता काढायचे आणि मग एका रात्री ठेल्यासमोर उभं राहायचं. माझं तुम्हाला पहिलं सांगणं हेच आहे की ती पाच मिनिटं परत मिळवा. त्या सालगड्याच्या मालकाला मी बोलावून घेतलं, तोही माझ्याच दवाखान्यात यायचा. दिवसातून तीन वेळा याला बाभळीखाली बसू द्या, पाणी पिऊ द्या, हे औषध समजा, असं सांगितलं. मालक तयार झाला. त्या माणसानं नंतर बिडी सोडली ती कायमची.

दवाखान्यात हे असं करा. वडिलांजवळ दुसरं कोणी असेल तेव्हा दर दोन-तीन तासांनी ठरवून वॉर्डाबाहेर पडा. तल्लफ आल्यावर नव्हे, तिच्या आधीच. गेटच्या बाहेर मात्र जाऊ नका, तिथे ठेला आहे. आवारातच एक जागा धरा, एखादं झाड, पार, जिना, काहीही. तिथे उभं राहून सिगारेट ओढायचा तसाच श्वास घ्या : मनात चार आकडे मोजत आत, सहा ते आठ आकडे मोजत सावकाश बाहेर, असे दहा. लांबवून सोडलेल्या श्वासानं नाडी खरोखर मंदावते, आणि झुरका सोडताना तुमच्याकडून नकळत हेच होत होतं. मग घोटभर पाणी प्या आणि आधी ठरवलेल्या माणसाला फोन लावा. परत आत जा. कोणी विचारलं कुठे गेला होता, तर सांगा, हवा खायला.

तो ठरवलेला माणूस फार महत्त्वाचा. मित्र दहा असतील, त्यातला एक निवडा. त्याला आजच सांगून ठेवा, "माझा फोन आला आणि मी 'पाऊस कसा आहे' म्हटलं, तर समज मले तल्लफ आली. तू फक्त पाच मिनिटं बोल, उपदेश करू नको." तल्लफेची लाट साधारण तीन ते पाच मिनिटं जोरात असते, कधी दहा. तिला तुम्ही काही दिलं नाही तरी ती उतरते. तुमच्याकडून ती एकदा उतरलीच आहे, ठेल्यासमोर, पैसे हातात असताना. तेव्हा तुम्ही एकटे होता. पुढच्या वेळी एकटं राहू नका.

चहाबद्दल एक गोष्ट सांगतो, जी आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे लिव्हर चहा-कॉफीतलं कॅफीन भराभर शरीराबाहेर काढतं. सिगारेट थांबली की हा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहानं अंगात जास्त कॅफीन साचून राहतं, काही जणांत जवळपास दुप्पट. पूर्वी दिवसाला आठ कप पचत असले तरी आजही पचतील असं नाही. दवाखान्यात तर माणूस वेळ घालवायला चहाच पितो. मग छाती धडधडते, हात थरथरतो, झोप उडते, आणि वाटतं की हे सिगारेट नसल्यामुळे होतंय. चहा निम्म्यावर आणा. दुपारी चारनंतर शक्यतो नकोच. झोपेचीही वाटणी करा. भाऊ असेल, साळा असेल, पुतण्या असेल, एक रात्र आड करा. तीन रात्री जागलेल्या माणसाकडून निश्चयाची अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

"एखादी ओढली तर काय बिघडते?" या प्रश्नाचं उत्तर मी गोल फिरवून देत नाही. बिघडते. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, आणि दोन-चार झुरक्यांतच त्या धरणाऱ्या जागांपैकी निम्म्याच्या आसपास भरतात. सात महिन्यांत विरत चाललेली आठवण एका मिनिटात ताजी होते. शिवाय ती अशा वेळी ताजी होते, जेव्हा टेन्शन उद्याही असणार आहे, परवाही असणार आहे. वडील लवकर बरे व्हावेत असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं, पण लकव्याच्या माणसाची सुधारणा महिन्यांच्या हिशोबानं होते. पहिली सिगारेट आजच्या रात्रीसाठी असेल, तर उद्याच्या रात्रीसाठी दुसरी कोण नाकारणार?

आणि एखादीचा हा मोह सुट्या सिगारेटीमुळे सोपा होतो. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी आहे, पण ती कुठे मिळते हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आख्खं पाकीट घ्यायचं म्हटलं तर माणूस दहादा विचार करतो. सुटी घेताना वाटतं, थोड्याशा पैशांचा तर प्रश्न आहे. म्हणून दवाखान्यात जाताना वरच्या खिशात सुटे पैसे ठेवू नका. पैसे पाकिटात, पाकीट आतल्या खिशात. हे उपाय पोरखेळ वाटतील. पण तल्लफ आणि सिगारेट यांच्यामधे एका मिनिटाचं अंतर पडलं तरी पुष्कळ असतं.

ओढलीच गेली, तर? तेही सांगून ठेवतो, कारण हे न सांगितल्यामुळे मी पेशंट गमावलेले आहेत. एक ओढली आणि लाजेनं बुधवारी आलेच नाहीत. सहा महिन्यांनी भेटले ते पुन्हा दिवसाला दहावर पोचलेले. एक बैल पेंडक्यात तोंड घालून गेला म्हणून कोणी आख्खा ढीग त्याच्यापुढे टाकत नाही. सिगारेट ओढली गेली तर अर्धी असताना विझवा, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा, आणि पुढची न ओढण्याची वेळ त्या क्षणापासून मोजा. सात महिने वाया जात नाहीत. या सात महिन्यांत तुमच्या रक्तवाहिन्यांना जी उसंत मिळाली ती खरी आहे. सोडून वर्ष झालं की हृदयविकाराचा सिगारेटमुळे वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो. तुमच्या घरात वडिलांना लकवा झाला आहे, म्हणजे तुम्हाला हे इतरांपेक्षा जास्त लागू आहे. तुमचा रक्तदाब या आठवड्यात तिथेच मोजून घ्या. चाळिशी उलटली आहे आणि तुम्ही रोज दवाखान्यातच आहात.

मित्राच्या खर्ऱ्याचं बघू. मित्र वाईट हेतूनं म्हणत नसेल. विदर्भात खर्रा म्हणजे पाहुणचार आहे. पन्नीत घोटलेला खर्रा चार जणांत वाटून खाल्ला जातो आणि नाही म्हणणारा माणूस शिष्ट ठरतो. सिगारेट सोडून खर्ऱ्यावर आलेला माणूस मी दर महिन्याला पाहतो. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूर नसलेला तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आपल्याकडे धोका कोणत्या बाजूला जास्त आहे, ते यावरून कळतं. खर्ऱ्यात निकोटिन असतंच, म्हणजे मेंदूच्या हिशोबानं तुम्ही काहीच सोडलेलं नसतं. वर सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मधेच नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारीनं गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. माझ्याकडे पंचविशीतली पोरं येतात, त्यांच्या तोंडात दोन बोटंही उभी जात नाहीत. तिखट भाजीचा घास घेतला की डोळ्यांत पाणी येतं. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. मित्राला एवढंच म्हणा, "बापा, तू माह्यासोबत बस, खर्रा राहू दे." सोबत तुम्हाला हवीच आहे.

तोंडात आणि हातात काहीतरी हवं, ही गरज मात्र खोटी नाही. फुटाणे, लवंग, ओवा, भाजलेली जवस, जे खिशात टिकतं ते ठेवा. बडीशेप ठेवा, पण गोड सुपारीच्या पुड्या नकोत.

त्यानंही भागत नसेल तर औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगगम मिळतं. २ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं. सात महिन्यांनी गम घेणं म्हणजे हार, असं मी मानत नाही. या दोन-तीन आठवड्यांसाठी खिशात असू द्या. पण ते खायची पद्धत वेगळी आहे. आपले लोक ते साध्या गमसारखं चावतात आणि मग उचकी, मळमळ, घशात जळजळ झाली की फेकून देतात. हळूहळू पाच-दहा वेळा चावायचं, चव तिखट लागली की थांबून गालात धरायचं, चव उतरली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. निकोटिन गालातून शोषलं जातं, लाळ गिळून पोटात गेलं तर उपयोग होत नाही. घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा नको, चहामुळे ते नीट शोषलं जात नाही. अलीकडे हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. त्यातली एक, बुप्रोपिऑन, फिट येणाऱ्याला चालत नाही. ई-सिगारेटचं कोणी सुचवलं तर तिच्यावर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे, तो विषय तिथेच संपवा.

दारूबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे एकच वाक्य : सोडलेली सिगारेट परत सुरू झालेल्यांतले पुष्कळ जण मला सांगतात की पहिली ओढली तेव्हा ते पिऊन होते.

पुढच्या महिन्यांकडे आत्ताच बघून ठेवा. वडील घरी येतील, तोवर सोयाबीनची सोंगणी लागेल, जे हाती येईल ते येईल. मग तूर आणि हरभरा, आणि त्यासोबत जागल. माझ्या अनुभवात जागल ही सोडलेल्या माणसाची सगळ्यात कठीण परीक्षा आहे. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, यांच्यापायी रात्रभर मचाणावर बसायचं, थंडी, अंधार, डोक्यात कर्जाचे आकडे, आणि शेजारच्या शेतातला माणूस शेकोटीच्या निखाऱ्यावर बिडी पेटवून हाक मारतो, "येता का?" रात्रीच्या लाइनवर ओलीत करायला जाणाऱ्यांचंही असंच. त्यावर माझ्याकडच्या लोकांनी स्वतः काढलेले मार्ग सांगतो. एकानं शेजाऱ्याला दिवसाच, दोघंही शांत असताना, सांगून ठेवलं की मला रात्री देऊ नको. रात्री सांगायला गेलं की जमत नाही. दुसऱ्यानं मोबाइलवर भजनं भरून नेली आणि दर तासाला धुऱ्यावरून एक फेरी धरली; पाय चालते राहिले की हात शांत राहतो, असं तो म्हणतो. तिसरा पोराला सोबत न्यायचा, कारण पोरासमोर तो कधीच ओढत नव्हता. मला तो मार्ग तितका आवडला नाही, पोराला सकाळी शाळा होती. पण त्याचा निभाव लागला.

आणखी एक गोष्ट विचारतो, आणि ती मी माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला विचारतो. ही फक्त सिगारेटीची तल्लफ आहे ना? गेले दोन आठवडे कशातच मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येऊन मग झोप नाही, जेवण उतरत नाही, आपण सगळ्यांवर ओझं झालो असं वाटतं, मरणाचे विचार येतात, यातलं काही होत असेल तर त्याला श्वास आणि फुटाणे पुरणार नाहीत. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमचे वडील ज्या दवाखान्यात आहेत तिथेच मानसोपचाराची ओपीडी असेल तर चिठ्ठी काढा. आणि घरात फवारणीच्या औषधाचे डबे असतील तर ते या दिवसांत घरात ठेवूच नका, शेतातल्या कोठ्यात कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. तुमच्या पत्रात असं काही दिसलं म्हणून हे लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यात हे न विचारता कोणाला परत पाठवायचं नाही, असं मी ठरवलेलं आहे. फक्त तंबाखूबद्दल बोलायचं असेल तर १८००-११-२३५६ ही मोफत क्विटलाइन आहे. सिगारेटच्या पाकिटावर तोच नंबर छापलेला असतो.

आता वहिनींचं. त्या शर्टाचा वास घेतात त्याचा तुम्हाला राग येतो, आणि तो येणं मला समजतं. सात महिने पाळलेल्या शब्दाची रोज झडती होते. पण त्यांच्या बाजूनं बघा. सासरे अंथरुणाला खिळले आहेत, नवरा दिवसदिवस शहरात आहे, तिथे काय चाललंय ते दिसत नाही. त्या वासात त्या शोधतात ती स्वतःची धास्ती. यावर एक सोपा बदल करा. घरात पाय टाकल्याबरोबर, त्यांनी जवळ येण्याआधी, तुम्हीच सांगा, "आज तीनदा तल्लफ आली, ओढली नाही." आकडा सांगा, नुसतं "नाही ओढली" नको. त्यांनीही "ओढली का?" याऐवजी "आज किती वेळा आली?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला माणूस आरोपी होतो, दुसऱ्यात दोघं एका बाजूला येतात. आणि ज्या दिवशी ओढली जाईल त्या दिवशीही खरं सांगता येतं, कारण विचारलेला आकडा तल्लफेचा आहे.

हे लिहिताना मला सारखं वाटत होतं की तुमच्या घरात सगळ्यात कमी उसंत त्यांनाच मिळत असेल. दूध काढणं, पोरांच्या शाळा, पाण्यातलं सोयाबीन, येणारे-जाणारे पाहुणे, आणि "जरा येतो" म्हणून ठेल्यावर जायची सवलत बाईमाणसाला कधीच नव्हती. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा चहा तुम्ही मांडा, अर्धा-अर्धा कप. छपरीत दोघं बसा, दहा मिनिटं, फोन आत ठेवून. तुम्ही ठरवून घेतलेल्या पाच-पाच मिनिटांतली एक वेळ तिथे मोजा. हे उत्तरही त्यांना वाचायला द्या, आणि वडिलांना सुट्टी झाली की एखाद्या बुधवारी दोघंही या.